‘ऐपत नाही बघून नको म्हणाले का, मॅडम?’

अंबादास (नाव बदललंय) खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाला, “मॅडम, घर गहाण टाकतो, पण आईला ते नवं इंजेक्शन द्यायचंय.” अल्झायमरवर औषध निघाल्याचा व्हिडिओ त्याला कुणीतरी पाठवला होता. पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी मात्र ‘यांना नाही देता येणार’ एवढंच सांगून फाइल परत केली होती. खरा सल बऱ्याच वेळाने बाहेर आला. “आई विड्या वळायची, मी मागावर. ऐपत नाही बघून नको म्हणाले असतील का?”

त्या डॉक्टरांनी आणखी पाच मिनिटं दिली असती, तर हा माणूस दोन आठवडे जागा राहिला नसता. असं तोडून टाकलेलं ‘नाही’ माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांना जाळत असतं.

मी त्याला मागावरचंच उदाहरण दिलं. मागात तूस साचलं की धागे तुटतात. अल्झायमरमध्ये अमायलॉइड नावाचं प्रथिन मेंदूत असंच साचतं. लेकॅनेमॅब, डोनानेमॅब ही औषधं म्हणजे प्रतिपिंडं (अँटिबॉडी). ती सलाइनसारखी शिरेतून देतात; सुरुवातीला पहिलं दर दोन आठवड्यांनी, दुसरं दर चार. ती अमायलॉइडला चिकटतात आणि शरीराच्याच पेशी मग ते साफ करतात.

“तूस काढलं की तुटलेला ताणा जोडला जातो का?” मी विचारलं.

तो गप्प झाला. मग म्हणाला, “नाही. पुढचा वाचतो.”

२०२२ मध्ये लेकॅनेमॅबच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. त्यात १,७९५ जण होते, सगळे सुरुवातीच्या टप्प्यातले; स्मरणचाचणीत ३० पैकी किमान २२ गुण मिळवणारे. दीड वर्षात औषध घेणाऱ्यांची घसरण, नुसतं डमी औषध घेणाऱ्या गटापेक्षा, २७ टक्क्यांनी कमी झाली. व्हिडिओत त्याचं ‘२७ टक्के बरे झाले’ असं झालं होतं! खरं तर दोन्ही गटांची सरासरी खालीच गेली. १८ गुणांच्या मोजपट्टीवर फरक पडला ०.४५ चा. शिवाय औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के जणांच्या एमआरआयमध्ये मेंदूला सूज दिसली. बहुतेकांना त्रास जाणवला नाही, पण मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तो वाढतो.

मग आम्ही फाइल उघडली. आईचे गुण ९. हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी रोजची. नकार पैशासाठी नव्हता, हे त्याने स्वतः वाचलं आणि रडला.

“आधी आणलं असतं तर?” हे विचारल्याशिवाय कुणी उठत नाही. आईचं विसरणं सुरू झालं २०१९ मध्ये. अमेरिकेत लेकॅनेमॅबला पूर्ण मान्यता मिळाली जुलै २०२३ मध्ये. तेव्हा आणायला ते औषधच नव्हतं, अंबादास.

घरची अडचण वेगळीच निघाली. आई दिवसभर रिकाम्या बोटांनी विड्या वळते, तेलुगूतच बोलते, आणि सुनेला वाटतं, तिला आवरायला हवं. मी म्हटलं, आवरू नका. पाखडायचं सूप द्या मांडीवर, पानांऐवजी कापलेले कागद द्या, दोरा द्या. तंबाखू नको, कात्री नको. मराठीत उत्तर मिळत नसेल तर तेलुगूत विचारा. लहानपणीची भाषा बऱ्याचदा मागाहून जाते.

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेआधी तो परत आला. आई दुपारभर वळते, संध्याकाळी त्या कागदी विड्यांचे कट्टे मोजून घ्यायला लावते. तो मोजतो. रात्रीची चिडचिड कमी झाली आहे.

उठताना त्याने मामाचं काढलं. साठीचे आहेत, हल्ली दुकानाचा हिशेब चुकतो. “या महिन्यातच दाखवा,” मी म्हटलं. बी-१२ किंवा थायरॉइडचं असेल तर उपचार सोपे आहेत. आणि अल्झायमरच निघाला, तर या इंजेक्शनबद्दल विचारायची वेळ त्यांची आहे. त्याने तिथूनच मामींना फोन लावला.