वाचकांचे प्रश्न : छोट्या जगाची सैर करताना

प्रश्न : जगातील प्रसिद्ध वास्तूंच्या लहान प्रतिकृती एकाच आवारात मांडलेल्या एका उद्यानासाठी आम्ही सहलीत अर्धा दिवस राखून ठेवला आहे. बरोबरच्या काही मंडळींच्या मते ती केवळ फोटो काढण्याची जागा आहे. तिथे खरोखर पाहण्यासारखे काय असते, आणि ते कसे पाहावे?

उत्तर : बहुतेक लोक ही उद्याने ज्या घाईने पाहतात ते लक्षात घेता आपल्या सहप्रवाशांचे म्हणणे अगदीच चुकीचे म्हणता येणार नाही. एका प्रतिकृतीसमोर उभे राहायचे, फोटो काढायचा आणि पुढच्या प्रतिकृतीकडे वळायचे, असाच कार्यक्रम असेल तर तासाभरात कंटाळा येतो. माझी सूचना अशी की, आत शिरताच सर्वप्रथम पाटीवर प्रतिकृतींचे प्रमाण काय दिले आहे ते वाचावे. जपानमधील निक्को परिसरातले तोबू वर्ल्ड स्क्वेअर, ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्टचे मिनिमुंडुस आणि ब्रुसेल्सचे मिनी-युरोप या तिन्ही ठिकाणी वास्तू १:२५ या प्रमाणात घडवलेल्या आहेत, म्हणजे मूळ वास्तूचे २५ मीटर तिथे १ मीटर होतात. सर्व प्रतिकृतींना एकच प्रमाण असले की संपूर्ण उद्यान हा तुलनेचा एक तक्ता बनतो, आणि अशा ठिकाणी जाण्याचे मला तरी हेच मुख्य कारण वाटते.

पाठ्यपुस्तकात प्रत्येक वास्तूला सारख्याच मापाची चौकट मिळत असल्यामुळे ताजमहाल, पिरॅमिड आणि आयफेल मनोरा मनातही नकळत एकाच उंचीचे होऊन बसतात. १:२५ या प्रमाणात ३३० मीटरचा आयफेल मनोरा सुमारे १३ मीटर, म्हणजे चारमजली इमारतीएवढा भरतो, तर सुमारे ७३ मीटर उंचीचा ताजमहाल जेमतेम ३ मीटरचा होतो. गिझाच्या महापिरॅमिडची पायथ्याची बाजू २३० मीटरची असल्यामुळे तिची प्रतिकृती सव्वानऊ मीटर लांब पसरते, आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळा चौथरा वगळल्यास एखाद्या उंच माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. हे आकडे वाचून जे कळत नाही, ते या वास्तूंमधून चालत गेल्यावर एका फेरीत कळते.

मात्र प्रत्येक उद्यानात प्रमाण एकच असेल असे गृहीत धरू नये. चीनमधील शेंझेन शहरात १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘विंडो ऑफ द वर्ल्ड’ या उद्यानात आयफेल मनोरा मूळच्या एकतृतीयांश, म्हणजे १०८ मीटर उंचीचा आहे, आणि इतर वास्तू मात्र वेगवेगळ्या प्रमाणांत आहेत. तिथे देखावा भव्य असतो, पण दोन वास्तूंची एकमेकींशी तुलना करता येत नाही. मी स्वतः अशाच मिश्र प्रमाणांच्या एका उद्यानात पाटी न वाचता शिरलो होतो, आणि पिसाचा कलता मनोरा ताजमहालाहून उंच असतो ही समजूत बरेच दिवस बाळगून होतो. प्रत्यक्षात तो सुमारे ५६ मीटरचाच आहे.

क्रमाविषयी सांगायचे तर आधी एखाद्या उंच जागेवरून सगळा परिसर नजरेखालून घालावा, आणि मग आठ-दहा वास्तू निवडून प्रत्येकीभोवती पूर्ण प्रदक्षिणा घालावी. प्रसिद्ध वास्तूंची छायाचित्रे जवळजवळ नेहमी दर्शनी बाजूनेच काढलेली असल्यामुळे मागची बाजू आपल्याला ठाऊकच नसते. रोममधील सेंट पीटर्स बॅसिलिका हे भव्य चर्च याचे उत्तम उदाहरण आहे. सतराव्या शतकात मादेर्नो या वास्तुविशारदाने इमारत पुढच्या बाजूला लांबवली आणि भव्य दर्शनी भिंत उभारली, तेव्हापासून समोरच्या चौकात जवळ उभे राहणाऱ्याला मायकेलअँजेलोचा घुमट पुरता दिसत नाही. प्रतिकृतीच्या मागे गेल्यावर तो घुमट आणि त्याखालच्या भिंती एकसंध कल्पनेसारख्या वर चढत जाताना दिसतात. पुढच्या बाजूला बेर्निनीच्या स्तंभावलीने चौकाला घातलेली लंबवर्तुळाकार मिठीसुद्धा, प्रत्यक्ष त्या चौकात उभे राहून दिसणार नाही इतकी स्पष्ट, इथे वरून दिसते.

प्रश्न : एकाच उद्यानातील काही प्रतिकृती हुबेहूब वाटतात आणि काही मात्र खेळण्यासारख्या दिसतात. हा केवळ कारागिरांच्या कौशल्याचा फरक असतो का?

उत्तर : कौशल्याचा वाटा मोठा आहेच, पण निसर्गाचे काही नियम चांगल्या कारागिरालाही दाद देत नाहीत. लांबी २५ पटींनी घटवली की पृष्ठभाग ६२५ पटींनी आणि घनफळ १५,६२५ पटींनी घटते. घनफळाबरोबर वजनही घटत असल्यामुळे प्रतिकृती तुलनेने कितीतरी मजबूत ठरते. मूळ वास्तूच्या बांधकामातला जो भाग स्वतःचा भार पेलण्यासाठी खर्ची पडतो, त्याची प्रतिकृतीला गरजच नसते, त्यामुळे उघड्यावरच्या प्रतिकृतीला भारापेक्षा ऊन आणि पाऊस अधिक छळतात.

नजरेला खटकणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. वीट लहान करता येते, पण पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. कारंज्यातला ३ मिलिमीटरचा थेंब १:२५ च्या जगात साडेसात सेंटिमीटरचा, म्हणजे लिंबाहून मोठा ठरतो, आणि तो पडताना दिसला की सारा आभास क्षणात मोडतो. झाडांचेही तसेच आहे. ८ सेंटिमीटरचे साधे पान त्या जगात २ मीटर लांब होते, म्हणून जाणकार उद्यानांत लहान पानांच्या जाती निवडून बोन्साय पद्धतीने वाढवतात. पायरीवर शेवाळाचा एक ठिपका उगवला तर तिथे झुडूप माजल्यासारखे दिसते, आणि ते खरवडून काढणे हे तेथील माळ्याच्या कामापैकीच एक असते.

गतीच्या बाबतीत फसगत सर्वांत लवकर लक्षात येते. पाण्यावर डोलणाऱ्या वस्तूला एका हेलकाव्यासाठी लागणारा वेळ तिच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे खरे जहाज एका हेलकाव्याला दहा सेकंद घेत असेल, तर २५ पट लहान जहाज तो दोन सेकंदांत पुरा करते आणि बंदरातली सगळी जहाजे थंडीने कुडकुडत असल्यासारखी दिसतात. याउलट स्थिर माणसांची गर्दी फार परिणामकारक ठरते. तोबू वर्ल्ड स्क्वेअरमध्ये सुमारे ७ सेंटिमीटर उंचीच्या तब्बल १,४०,००० मानवाकृती आहेत. अशी एखादी बोटाएवढी आकृती जिन्याजवळ उभी दिसली की आपली नजर तिच्या मापाने इमारत मोजू लागते.

प्रश्न : अशा उद्यानात काढलेले फोटो खऱ्या वास्तूंसारखे दिसावेत यासाठी काय करावे?

उत्तर : कॅमेरा खाली न्यावा. उभ्याने काढलेला फोटो १:२५ च्या प्रतिकृतीच्या जगात सुमारे ४० मीटर उंचीवरून काढल्यासारखा होतो, तर फोन उलटा धरून त्याची लेन्स जमिनीपासून सहा-सात सेंटिमीटरांवर आणली की ती बाहुलीच्या डोळ्यांच्या पातळीवर येते. पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद ठेवावा, कारण पुढचे-मागचे धूसर झाले की वस्तू लहान आहे हे नजर लगेच ओळखते. खऱ्या इमारतीच्या छायाचित्रात सर्व भाग सारखेच स्पष्ट असतात. चौकटीत कुंपण, पाटी आणि गवताचे पाते येणार नाही एवढे पाहिले की पुरे.

प्रश्न : आमच्याबरोबर सात वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखी असलेल्या आजी असतील. त्यांना हे उद्यान झेपेल का?

उत्तर : वाटा सहसा सपाट असतात, त्यामुळे आजींना चालण्यापेक्षा उन्हाचा त्रास अधिक होण्याचा संभव आहे. प्रतिकृतींच्या शेजारी मोठा वृक्ष लावला तर सगळे प्रमाणच बिघडते, म्हणून अशा उद्यानांच्या मुख्य भागात सावली जात्याच कमी असते. सकाळी उघडण्याच्या वेळी जावे, छत्री आणि पाणी बरोबर ठेवावे आणि बसण्याच्या जागा नकाशावर आधीच हेरून ठेवाव्यात. मुलाला वास्तूंची माहिती सांगत बसण्यापेक्षा एखादे काम द्यावे. लग्नाची वरात, चित्र काढणारा माणूस किंवा एखादा गमतीदार प्रसंग कारागिरांनी गर्दीत कुठे लपवला आहे का, हे शोधायला सांगितले तर तो आपल्यापेक्षा अधिक वेळ तिथे रमेल. कुंपणाच्या आत हात घालायचा नाही, हे मात्र आत जाण्यापूर्वीच बजावावे.

प्रश्न : अशी उद्याने उभारण्याची कल्पना पहिल्यांदा कोणाला सुचली?

उत्तर : आज चालू असलेल्या उद्यानांपैकी इंग्लंडमधील बीकन्सफील्ड येथील बेकनस्कॉट हे १९२९ पासूनचे, म्हणजे अतिशय जुने आहे. तिथे जगप्रसिद्ध वास्तूंऐवजी १९३० च्या दशकातला इंग्लिश ग्रामीण परिसर दाखवला आहे. त्यापासून प्रेरणा घेऊन १९५२ मध्ये नेदरलँड्समधील हेग शहरात मादुरोदाम सुरू झाले. त्याचे नाव जॉर्ज मादुरो या कुरासाओ बेटावरील तरुणाचे आहे. तो लायडन विद्यापीठात कायद्याचा विद्यार्थी होता, मे १९४० मध्ये जर्मन आक्रमणाविरुद्ध लढला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत मरण पावला. आई-वडिलांनी त्याच्या स्मरणार्थ या उद्यानासाठी पैसा दिला. छोट्या घरांमधून हसतखेळत फिरणाऱ्या फार थोड्या पर्यटकांना ही एका मुलाची स्मृती आहे याची कल्पना असते.

प्रश्न : प्रतिकृती इतक्या बारकाईने पाहिल्यावर मूळ वास्तू पाहण्याची गरज उरते का?

उत्तर : उरते, आणि कोणत्या वास्तूसाठी ती अधिक उरते हेही अशाच उद्यानात कळते. रोमचे पँथिऑन बाहेरून बसके आणि काहीसे निरस दिसते, त्यामुळे त्याच्या प्रतिकृतीसमोर कोणी फारसे थांबत नाही. त्या वास्तूचे सारे वैभव आत आहे. ४३ मीटर व्यासाचा घुमट, जमिनीपासून त्याच्या माथ्यापर्यंत तेवढीच उंची, आणि माथ्यावरच्या उघड्या गोल छिद्रातून भिंतीवर सरकत जाणारा उन्हाचा कवडसा, यांतले काहीही बाहेरून दिसत नाही. ज्या वास्तूचे सौंदर्य तिच्या आराखड्यात किंवा बाह्य घडणीत आहे तिला प्रतिकृती न्याय देते, आणि जिचे सौंदर्य आतल्या पोकळीत आहे तिथे ती हतबल ठरते.

क्वचित उलटेही घडते. तोबू वर्ल्ड स्क्वेअर १९९३ मध्ये सुरू झाले तेव्हा न्यूयॉर्कचे वर्ल्ड ट्रेड सेंटर हा शहराच्या चित्राचा एक नेहमीचा भाग होता, आणि त्याचे दोन्ही मनोरे तिथे इतर इमारतींबरोबर उभारण्यात आले. २००१ मध्ये मूळ मनोरे कोसळले, पण प्रतिकृती हलवण्यात आली नाही. जवळजवळ १७ मीटर उंचीचे ते दोन मनोरे तिथे अजूनही शेजारी शेजारी उभे आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी बोटाएवढी माणसे येत-जात असल्याच्या आविर्भावात थांबलेली आहेत.