प्रायश्चित्त घेतले, केले की आहे?

वेंगुर्ल्याच्या एका वाचकाने विचारले आहे: 'उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेच्या पत्रकात "ख्रिस्ताने आपल्यासाठी प्रायश्चित्त घेतले" असे छापायचे आहे. पण प्रायश्चित्त तर ज्याची चूक त्यानेच घ्यायचे ना? मग हे वाक्य बरोबर आहे का?'

तुमची शंका रास्त आहे. अडचण नामात नाही, क्रियापदात आहे. धर्मशास्त्रात 'प्राय' म्हणजे तप आणि 'चित्त' म्हणजे निश्चय अशी फोड सांगतात. तप करायचे ते दोषी माणसाने. म्हणून मराठीत शास्त्री प्रायश्चित्त सांगतो आणि चुकलेला ते घेतो. 'घेतले' म्हटले की दोष घेणाऱ्याचाच, असे कान समजतो. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र येशू निष्पाप आहे, त्यामुळे 'घेतले'ने शिकवणच उलटी होते.

मराठी बायबलात योहानाच्या पहिल्या पत्रात (2:2) 'तोच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे' असे आहे. इथले 'आहे' मला फार मोलाचे वाटते. प्रायश्चित्त हा इथे विधी राहत नाही, ती व्यक्तीच होते. मराठीला हे वळण अनोळखी होते. ते ख्रिस्ती लेखणीने दिले.

यामागे इब्रींचा, म्हणजे यहुद्यांचा, प्रायश्चित्ताचा दिवस आहे. बायबलातल्या लेवीय 16 मध्ये दोन बकरे सांगितले आहेत. एकाचा बळी देतात. दुसऱ्याच्या डोक्यावर महायाजक दोन्ही हात ठेवून लोकांची पापे कबूल करतो आणि त्याला रानात सोडून देतात. या विधीचे क्रियापद 'किप्पेर'. त्याचा मूळ अर्थ कुणी झाकणे सांगतात, कुणी पुसून काढणे. नोहाच्या तारवाला आतबाहेर जे डांबर लावायला सांगितले, त्याचा इब्री शब्द 'कोफेर', त्याच तीन व्यंजनांचा. नाते खरे की अक्षरेच सारखी, यावर पंडितांत वाद आहे. पण पावसाळ्याआधी पुळणीवर होडी पालथी घालून फटीफटीत डांबर भरताना ज्याने पाहिले आहे, त्याला 'झाकणे' म्हणजे लपवणे नव्हे, पाणी आत येऊ न देणे, हे सांगावे लागत नाही.

'बळी' शब्दाबाबतही थोडे जपावे. आपल्याकडे राखणदाराला कोंबडा देतात, तिथे देणारा माणूस आणि घेणारी देवता. ख्रिस्ती मांडणीत देणारा देवच, आणि देतो ते आपल्या पुत्राला. मत्तय 20:28 मध्ये येशू आपला जीव 'खंडणी' म्हणून देण्याबद्दल बोलतो. मूळ ग्रीक 'लुत्रोन', म्हणजे गुलाम किंवा कैदी सोडवण्याचे मोल. आज खंडणी म्हटले की पोलीस ठाणे आठवते, म्हणून तरुण वाचकांसाठी 'मुक्तीचे मोल' म्हणणे मला बरे वाटते. देव आणि माणूस यांच्या नात्याबद्दल प्रेषित पौल वापरतो तो 'समेट' शब्द मात्र तसाच ठेवा. बांधावरून वर्षानुवर्षे अबोला धरलेल्या भावांनी पुन्हा एका पंगतीला बसावे, तो समेट कोकणात कुणाला समजावावा लागत नाही.

'घेतले' सर्वस्वी बाद नाही. कॅथलिकांत पापनिवेदनानंतर फादर जे प्रायश्चित्त देतात, ते माणूस घेतो; तिथे तेच बरोबर.

तुमच्या पत्रकासाठी: 'ख्रिस्ताने आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त केले' चालेल. 'ख्रिस्त आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे' हे त्याहून चांगले. जागा कमी असेल तर हेच छापा.