कुशिंगच्या संशयित रुग्णाची पहिली तपासणी

चेहरा गोल, पोटावर जांभळे रुंद पट्टे, जिना चढताना मांड्यांत ताकद नाही: कुशिंगचा, म्हणजे कॉर्टिसॉल हे संप्रेरक किंवा तशी स्टिरॉइड औषधं शरीरात जास्त झाल्याने होणाऱ्या आजाराचा, संशय येणारा असा रुग्ण आला की लगेच रक्तातलं कॉर्टिसॉल तपासायला पाठवू नकोस. आधी बाहेरून स्टिरॉइड जातंय का ते खोदून विचार. ‘औषध घेता का?’ एवढं पुरत नाही. गोरं होण्याची क्रीम, दम्याचा पंप, सांध्यात घेतलेलं इंजेक्शन, सांधेदुखीची बिनलेबलची पुडी, प्रत्येकाचं नाव घेऊन विचार. पाकीट-ट्यूब आणायला सांग. आपल्याकडे उत्तर बहुधा इथंच सापडतं. कुशिंगची लक्षणं ठळक आणि सकाळचं कॉर्टिसॉल मात्र अगदी कमी, तर हाच संशय घट्ट धर. ती औषधं एकदम बंद करू नकोस. कॉर्टिसॉल बनवणारी अॅड्रिनल ग्रंथी दबलेली असते, रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

हे नसेल तर रात्री ११ वाजता डेक्सामेथासोन (निरोगी माणसात कॉर्टिसॉल दाबणारं स्टिरॉइड) १ मिग्रॅ तोंडाने, दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते ९ दरम्यान कॉर्टिसॉल. १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आलं तर कुशिंगची शक्यता फारच कमी.

जास्त आलं तरी थांब. गोळी खरंच घेतली होती का? रिफॅम्पिसिन (टीबीचं औषध), फेनिटॉइन, कार्बामाझेपिन (फिटची औषधं) यांनी डेक्सामेथासोन यकृतात लवकर संपतं. टीबीच्या रुग्णात हे हमखास चुकतं. इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं, आकडा खोटा फुगतो. त्या ६ आठवडे आधी थांबव. दुसरी तपासणी म्हणजे मध्यरात्रीचं लाळेतलं कॉर्टिसॉल; रात्रपाळीवाल्यात ती नको.

एका तपासणीवर निदान करू नकोस, आणि निदान पक्कं होण्याआधी पिट्युटरीचा (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा) एमआरआय मागवू नकोस. निरोगी माणसांतही तिथं बारीक गाठी दिसतात.