फोमचा चुरा झालेले जुने स्पीकर दुरुस्त करावेत की वूफर बदलावेत?

वडिलांनी ऐंशीच्या दशकात घेतलेल्या हाय-फाय स्पीकरच्या वूफरची, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या भोंग्याची, कड हात लावताच चुरा होऊन पडते आणि भुसावळचे दुकानदार नवा वूफर बसवायला सांगतात, तेव्हा काय करावे, असे आपण विचारले आहे. कोन (हलणारा कागदी पडदा) फाटलेला नसेल आणि कॉइल (त्यामागचे तारेचे वेटोळे) शाबूत असेल, तर वूफर बदलू नये. केवळ सराउंड, म्हणजे चुरा झालेली ती कड, बदलावा.

ही कड पॉलियुरेथेन फोमची असते. ती बहुधा १५-२० वर्षांत आपोआप विरते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जात असताना स्पीकर पत्र्याखालच्या माळ्यावर पडून असतील, तर त्याहूनही लवकर. आधी मल्टिमीटर लावून पाहावा: ८ ओहमच्या वूफरने साधारण ६ ओहम दाखवले, तर कॉइल तुटलेली नाही. मग दोन्ही हातांनी कोन सारख्या दाबाने हळूच आत ढकलावा. खरखर ऐकू आली नाही, म्हणजे कॉइल कुठे घासतही नाही.

लग्नाच्या साउंड सिस्टिम दुरुस्त करणारे आपल्या भागातील कारागीर कसबी असतात, पण त्यांच्या कामाला लागणारा कोन कडक बसणीचा, म्हणजे सहज न हलणारा, असतो. हाय-फायचे गणित निराळे आहे. अमेरिकी संशोधक एडगर विल्चर यांनी १९५४ साली एआर-१ हा स्पीकर बाजारात आणला, त्यात बंद पेटीतील हवाच कोनाला स्प्रिंगसारखी मागे खेचते, म्हणून वूफरची स्वतःची बसण मुद्दाम सैल ठेवलेली असते. अशा पेटीत कडक वूफर बसवला की आवाज मोठा येतो, मात्र तबल्यातील डग्ग्याची घुमक नाहीशी होते. छिद्र असलेली पेटीही तिच्या मूळ वूफरला जुळवूनच बनवलेली असते.

सराउंड मापाप्रमाणे ऑनलाइन मिळतो. जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून बोथट सुरीने खरवडावा. घाई केल्यास कागदी कोनाची कड सोलून निघते. नवा फोम प्रथम कोनाला चिकटवून पूर्ण वाळू द्यावा, नंतर फ्रेमला. फ्रेमचा गोंद ओला असतानाच वूफरला अगदी कमी आवाजात ३० हर्ट्झचा सूर द्यावा आणि घासण्याचा आवाज थांबेपर्यंत कोन बोटाने किंचित सरकवावा. झटपट चिकटणारा गोंद येथे निरुपयोगी, कारण तो सरकवायला वेळच देत नाही.

क्रॉसओव्हरमधील (खर्ज आणि तार सूर वेगळे करणाऱ्या सर्किटमधील) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही इतक्या वर्षांत कमजोर होतात. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे नॉन-पोलर कपॅसिटर लावावेत. साधे, धन-ऋण खुणांचे चालत नाहीत. महागड्या फिल्म कपॅसिटरच्या मागे लागण्याची मला तरी गरज वाटत नाही, कारण त्यांनी कधीकधी ट्वीटर (तार सुरांचा छोटा भोंगा) मुळापेक्षा तीक्ष्ण वाजू लागतो.

ऐकण्याच्या खोलीत शहाबादी फरशी उघडी असेल, तर स्पीकरसमोर जाड सतरंजी अंथरावी. स्लॅबच्या घरात याने आवाजाचा घुमारा बराच कमी होतो.

पेटी बंद करण्यापूर्वी दीड व्होल्टच्या सेलचे धन टोक प्रत्येक वूफरच्या धन टोकाला आणि ऋण टोक ऋणाला क्षणभर लावून पाहावे. दोन्ही कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत; तसे झाले नाही, तर एका वूफरच्या तारा उलट जोडाव्यात, नाहीतर दोन स्पीकर एकमेकांचा खर्ज खाऊन टाकतील.