पहिल्याच भाषेत जेनेरिक्स? जरा दमानं

अरे, परवा फोंड्याला चहा पिताना, तू बनवतोयस त्या प्रोग्रामिंग भाषेची वही चाळली. जेनेरिक्स (एकच कोड आकडा, मजकूर अशा कुठल्याही टाइपवर चालवायची सोय), त्यांना अटी (कुठले टाइप चालतील ते), वर अटींना वारसा (एका अटीतून दुसरी काढणं)! एवढा पसारा नको.

आधी कुठलाही टाइप पोटात घेणारे यादी आणि मॅप (किल्लीवरून किंमत शोधायचा तक्ता) हे दोनच प्रकार कंपायलरमध्ये, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममध्ये, बांधून टाक. गो भाषेनं २००९ पासून तसंच निभावलं. जेनेरिक्स आली थेट २०२२ मध्ये, १.१८ आवृत्तीत.

पुढं जायचंच असेल, तर प्रत्येक टाइपसाठी फंक्शनची वेगळी प्रत काढ. रस्ट तेच करते. बायनरी (तयार प्रोग्रामची फाइल) फुगते, आणि कंपाइल होईस्तोवर माणूस म्हापशाचा शुक्रवारचा बाजार करून येईल. पण तुझ्या चिमुकल्या भाषेला ते चालतं. जावासारखं कंपाइल करताना टाइप तपासून पुसून टाकणं आणि सगळ्यांना एकच प्रत वापरणं दिसतं सोपं, पण मग साधा इंट (पूर्णांक) सुद्धा ऑब्जेक्टच्या डब्यात भरावा लागतो. मी एकदा त्या वाटेनं गेलो, दोन महिने डबे भरण्या-उघडण्यात गेले.

आणि अटींचं म्हणशील, तर दोघांतलं मोठं देणारं ‘मोठा(अ, ब)’ हे फंक्शन लिहिताना अ-ब ची तुलना होते का, हे कंपायलरनं कशाला ठरवायचं? तुलनेचं फंक्शनच तिसरा आर्ग्युमेंट म्हणून दे. सी भाषेतलं क्यूसॉर्ट हे क्रम लावणारं फंक्शन असंच चालतं. वहीतली ती वारशाची पानं तूर्त स्टेपल करून ठेव.