पहिला लेंट आणि उपास

अरे बाळा, पहिलाच लेंट (ईस्टरआधीचा उपास-प्रार्थनेचा काळ) ना तुझा, मग ४० दिवस एकदम कडक उपास नको करूस, आधी एका शुक्रवारी दुपारचं जेवण सोड आणि तो वेळ प्रार्थनेला दे, नुसतं जेवण सोडून मोबाईल बघत बसलास तर ते डायटिंग झालं. आपल्या इंदूरात उपास म्हटलं की सराफा बाजारातली साबुदाणा खिचडीच आठवते (मला पण!). देवाकडून काही कबूल करून घ्यायला उपाशी बसायचं नसतं रे. बायबलमधल्या मत्तय ६ मध्ये येशू सांगतो की तोंड सुकवून लोकांना दाखवू नका, उलट तोंड धुवा, डोक्याला तेल लावा. आणि बायबलमधलंच यशया ५८ वाचच, तिथे भुकेल्याला आपली भाकर देणं याला उपास म्हटलंय, म्हणून मी वाचलेल्या जेवणाचे पैसे वेगळ्या डब्यात टाकते. शुगरची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरला विचार.