एकाच टोळीत दोन पगार कसे?

प्रश्न : वडील सार्वजनिक बांधकाम विभागात सहा वर्षांपासून रोजंदारीवर मजूर आहेत. खड्डे भरणे, साइडपट्ट्या ठीक करणे, मोऱ्या साफ करणे ही कामे. टोळीतल्या दुसऱ्या मजुराचे कामही हेच, पण त्याला महागाई भत्त्यासह महिन्याचा पगार मिळतो. असे का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : ‘मजूर’ या पदनामावरून पगार कळत नाही. नाव कुठल्या आस्थापनेवर आहे, हे आधी पाहावे लागते. कायम आस्थापनेवरचा मजूर गट ‘ड’मध्ये येतो आणि त्याला वेतनश्रेणी मिळते. कार्यव्ययी आस्थापनेवरच्या माणसाचा पगार कामाच्या खर्चात पडतो. वडील बहुधा निव्वळ हजेरीपटावर असावेत. तिथे भरले तेवढेच दिवस मोजले जातात. बांधकाम आणि पाटबंधारे विभागांत आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापना. तो सरकार आणि कामगार यांच्यातल्या १९६७ च्या कालेलकर तडजोडीतून आला. सलग पाच वर्षे सेवा झालेल्या रोजंदारी कामगाराला या आस्थापनेवर घ्यावे, असे त्या तडजोडीचे २८ वे कलम सांगते. शेजारचा मजूर बहुतेक याच वाटेने आत गेला असेल.

घोडे अडते ते ‘सलग’ या शब्दावर. म्हणून अर्ज करण्याआधी दिवस मोजा. माहिती अधिकाराखाली उपविभागाकडून सहाही वर्षांच्या हजेरीपटांच्या साक्षांकित प्रती मागवा. त्यासोबत त्याच काळातल्या हातपावत्यांच्या प्रतीही मागायला विसरू नका, कारण हजेरीपट बंद असलेल्या महिन्यांत मजुरी पुष्कळदा हातपावतीवर दिली जाते आणि मोजणीतून नेमके तेच दिवस गळतात. मग वर्षवार तक्ता करा. औद्योगिक विवाद कायद्यात सलग सेवेसाठी वर्षाला २४० दिवसांचा निकष होता. त्यात पगारी साप्ताहिक सुट्ट्या आणि सणाच्या पगारी सुट्ट्याही धरायच्या, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केले आहे. २१५ दिवस भरलेल्या माणसाने म्हणूनच लगेच नाद सोडू नये.

नावाकडेही लक्ष द्या. एका पटावर ‘दगडू’, दुसऱ्यावर ‘दगडोबा’ आणि तिसऱ्यावर आडनावच नाही, असे असेल तर कार्यालय त्यांना तीन वेगळी माणसे धरते. हे आत्ताच प्रतिज्ञापत्राने जुळवून ठेवा, सुनावणीच्या वेळी जुळत नाही.

कार्यालयाने दाद दिली नाही, तर महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्याखाली औद्योगिक न्यायालयात तक्रार करता येते. चौथ्या अनुसूचीतली बाब ६ वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवण्याबद्दल आहे आणि बाब ९ तडजोड न पाळण्याबद्दल. दोन्ही लिहा. मुदत ९० दिवसांची असते. उशीर झाला असेल तर माफीचा अर्ज तक्रारीसोबतच जोडा.

प्रश्न : सातव्या आयोगात माझे वेतन १९,१०० निश्चित केले. १ जानेवारी २०१६ ला बँडमधले वेतन ६,२०० आणि ग्रेड पे १,३०० होता. बरोबर आहे का? (गट ‘ड’ कर्मचारी, अकोला)

उत्तर : नाही, एक पायरी कमी दिली आहे. ६,२०० आणि १,३०० मिळून ७,५०० होतात. त्याला सातव्या आयोगाच्या २.५७ या गुणकाने गुणले की १९,२७५. एस-१ या स्तरात (१५,००० ते ४७,६००) हा आकडा नाही. आहेत ते १९,१०० आणि १९,७००. नियम जवळच्या आकड्याचा नसून त्याच किंवा लगतच्या वरच्या टप्प्याचा आहे. म्हणजे १९,७००. लिपिकाने बहुधा जवळचा आकडा उचलला. याहून महाग पडणारी चूकही होते : ग्रेड पे न मिळवता नुसत्या ६,२०० ला गुणतात. गुणाकाराच्या त्या एका ओळीसह लेखी अर्ज द्या आणि सेवापुस्तकातली नोंद दुरुस्त करून घ्या. नुसत्या पगारबिलातली दुरुस्ती निवृत्तिवेतनाच्या वेळी टिकत नाही.

प्रश्न : पुण्यात केंद्र सरकारच्या एका कार्यालयात ठेकेदारामार्फत बारा सफाई कामगारांवर मी मुकादम आहे. मलाही त्यांच्याइतकीच मजुरी मिळते. हे बरोबर आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुमचा वर्ग चुकला आहे. केंद्राच्या किमान वेतनाच्या व्याख्येत अकुशल कामावरची देखरेख अर्धकुशल कामात मोडते. या वेतनासाठी केलेल्या शहरांच्या वर्गवारीत पुणे ‘अ’ क्षेत्रात येते. १ ऑक्टोबर २०२४ पासूनचे तिथले दर असे होते : सफाईसह अकुशल कामाला रोज ७८३ रुपये, अर्धकुशलला ८६८, कुशलला ९५४. फरक दिवसाला ८५ रुपयांचा, म्हणजे २६ दिवसांचे २,२१०. हे दर १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतात. त्यामुळे थकबाकी काढताना प्रत्येक सहामाहीचा दर वेगळा लावा. तक्रार विभागीय कामगार आयुक्त (केंद्रीय) यांच्याकडे करायची, राज्याच्या कामगार कार्यालयात नव्हे. कितीतरी अर्ज इथेच वर्षभर पडून राहतात.

तुमच्या टोळीतल्या कुणाला ठेकेदाराऐवजी कार्यालयानेच थेट रोजंदारीवर घेतले असेल, तर त्याचा हिशेब निराळा. कायम कर्मचाऱ्यासारखेच काम असेल, तर ७ जून १९८८ च्या केंद्रीय आदेशाप्रमाणे किमान मूळ वेतनाचा तिसावा भाग अधिक महागाई भत्ता मिळायला हवा. मूळ १८,००० चा तिसावा भाग ६००. जानेवारी २०२५ पासून भत्ता ५५ टक्के होता, त्याचे ३३०. म्हणजे रोज ९३०. शिवाय सलग सहा दिवस भरले की सातव्या दिवसाची सुट्टी पगारी.